निर्योगक्षेम साधक आणि जतनाचा धर्म

श्रीमद्भगवद्गीतेच्या दुसऱ्या अध्यायात श्रीकृष्ण महाराज अर्जुनास निर्योगक्षेम होण्याची आज्ञा करतात, आणि नवव्या अध्यायात अनन्य भक्ताचा योगक्षेम आपण स्वतः वाहतो असे अभिवचन देतात. जे प्राप्त नाही ते मिळविणे हा योग आणि जे प्राप्त झाले ते राखणे हे क्षेम, असा या जोडशब्दाचा अर्थ सर्वपरिचित आहे. या दोन वचनांचा एकत्र विचार केला असता एक शंका उत्पन्न होते. क्षेम म्हणजेच जतन. ते साधकाने सोडावयाचे आहे, आणि ते वाहण्याचा भार परमेश्वराने घेतलेला आहे. मग पोथ्या राखा, स्थाने राखा, वने राखा, पशुपक्षी राखा असा जो घोष आज चोहीकडून ऐकू येतो, त्याच्याशी साधकाचा संबंध काय? ज्याने देश सोडला, संबंध सोडले, ज्याने अनोळखी गावी झाडाखाली बसून नामस्मरण करावे आणि झोळीत पडेल त्या भिक्षेवर देह चालवावा, त्याने कशाचे जतन करावे?

ही शंका केवळ तर्कासाठी घेतलेली नाही. आश्रमात दोनशे वर्षांची पोथी कसर लागून जात असता ‘प्रपंच अनित्य आहे’ असे म्हणून स्वस्थ बसणारे आढळतात. उलट पक्षी, पोथीच्या एका बस्त्यावरून दोन गुरुबंधूंत वर्षानुवर्षे अबोला चालतो, असेही आढळते. दोघेही शास्त्राचाच आधार देतात. तेव्हा जतन या शब्दाची नीट फोड करणे अवश्य आहे.

मराठीत या एका व्यवहारासाठी किती शब्द आहेत ते पाहावे. राखण शेताची असते, पालन लेकराचे, जतन दागिन्याचे, रक्षण शरणागताचे, संवर्धन रोपाचे आणि जीर्णोद्धार देवळाचा. यांना आपण सैलपणे समानार्थी मानतो. वस्तुतः राखणीत शत्रू बाहेर असतो, चोर किंवा पाखरू. जतनात शत्रू काळ असतो. संवर्धनात वस्तू आहे तशी राहू नये, वाढावी, अशी इच्छा असते. जीर्णोद्धारात तर जुने काढून नवे घालणे हेच कर्म असते. शरणागताच्या रक्षणात राखलेली वस्तू शेवटी सोडून द्यावयाची असते. आजच्या शासकीय भाषेने या सर्वांवर ‘संवर्धन’ हा एकच शब्द पसरला आहे, आणि त्यामुळे एकाच्या नावाने दुसरे कर्म होऊ लागले आहे. या लेखातील पुष्कळसा विचार या एका घोटाळ्याभोवती फिरतो.

प्रथम शरणागताचे रक्षण घेऊ. सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींची सशाची लीळा आपणा सर्वांस ठाऊक आहे. पारधी मागे लागलेला ससा स्वामींच्या आसनाशी येऊन त्यांच्या जानूखाली दडला. पारध्यांनी तो मागितला. स्वामींनी तो दिला नाही, परंतु पारध्यांस हाकूनही दिले नाही. रानातले गवत खाणारा आणि ओढ्याचे पाणी पिणारा हा जीव कोणाचे काय घेतो, हा विचार त्यांनी त्या माणसांपुढे ठेवला. ते निवाले, हिंसेपासून परतले, आणि मग स्वामींनी सशास आदराने निरोप देऊन सोडून दिले. या लीळेवरील निरूपणात शरणागताला अभय देणे हा भाग सांगितला जातो, आणि तो योग्यच आहे. माझे लक्ष मात्र शेवटच्या कृतीकडे जाते. स्वामींनी ससा पाळला नाही. त्याला अभय मिळाले ते घडीभराचे, त्या आसनाशी. पुढे त्याचे रान त्याचे होते. शिवाय त्या घडीत रक्षण दोघांचे झाले, सशाचे मरणापासून आणि पारध्यांचे हिंसेपासून.

आजची वन्य जीव राखण्याची विद्या या लीळेशी कोठे जुळते आणि कोठे जुळत नाही, ते स्पष्ट म्हटले पाहिजे. ती विद्या जातीचा विचार करते. वाघ ही जात टिकावी, एखादा वाघ गेला तरी चालेल. आपले शास्त्र जीवाचा विचार करते. आपल्या मते जीव अनेक आहेत, प्रत्येक जीव अनादी अविद्येने बद्ध असून वेगळा आहे, आणि उद्धरण व्हावयाचे ते एकेका जीवाचे. जातीचे उद्धरण नाही. म्हणून ‘जात सुरक्षित आहे, सबब हा एक मारण्यास हरकत नाही’ हा युक्तिवाद आपल्याला स्वीकारता येत नाही. परंतु जातीचा विचार निरुपयोगी आहे असेही मी म्हणणार नाही. रानच उरले नाही तर सशाला सोडावयाचे कोठे?

श्रीगोविंदप्रभूंच्या रिद्धपुराहून उत्तरेस दिसणाऱ्या सातपुड्याच्या रांगांत मेळघाट आहे. १९७३ साली देशात व्याघ्र प्रकल्प सुरू झाला, तेव्हा निवडलेल्या पहिल्या नऊ क्षेत्रांत त्याचा समावेश होता. वाघ तेथे टिकला, ही आनंदाची गोष्ट. पण त्यासाठी एकविसाव्या शतकाच्या आरंभी बोरी, कोहा, कुंड यांसारखी कोरकूंची गावे आतून उठवून बाहेर वसविण्यात आली, आणि पुढे आणखी गावे उठली. ज्यांच्या पूर्वजांनी त्या रानात पिढ्यानुपिढ्या राहूनही रान उरविले, त्यांनाच रानाचे शत्रू समजावे, यात राखण आणि रक्षण यांची गल्लत झालेली आहे. राखणदार कुंपण घालतो आणि आत कोण व बाहेर कोण एवढेच पाहतो. सशाच्या लीळेत कुंपण नाही.

येथे आपल्या वासनिक बंधूंचा एक प्रत्यक्ष प्रश्न येतो, आणि तो टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. वऱ्हाडात व खानदेशात आपले पुष्कळ उपदेशी शेती करतात. रोही आणि रानडुकरे एका रात्रीत हरभऱ्याचे, तुरीचे, मक्याचे शेत आडवे करतात. उपद्रव सिद्ध झाल्यास परवान्याने त्यांस मारण्याची तरतूद शासनाने केलेली आहे. कायदा अनुमती देतो. आपला आचार देत नाही. शेतकऱ्याने काय करावे? आश्रमात बसून त्याला अहिंसा सांगणे सोपे आहे, कारण सांगणाऱ्याचे पीक गेलेले नसते. माझे मत असे की परवाना घेऊन मारणे वासनिकाने करू नये, आणि तारेत विजेचा प्रवाह सोडणे तर मुळीच करू नये. त्यात जनावरांबरोबर माणसेही मरतात आणि तो गुन्हाही आहे. परंतु हे सांगणाऱ्या पंथाने त्याच्या जागलीत, कुंपणाच्या खर्चात, नुकसानभरपाईच्या अर्जात त्याला साह्य केले पाहिजे. भिक्षा त्याच शेतातून येते, हे भिक्षूने विसरू नये.

देवरायांचा प्रश्न याहून नाजूक आहे. सह्याद्रीच्या पट्ट्यात देवाच्या नावाने राखलेल्या राया आहेत; वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी १९७० नंतरच्या दशकात त्यांचा अभ्यास करून तेथे आजूबाजूला न उरलेली झाडे-वेली उरल्याचे दाखविले. त्या राया लोकांनी राखल्या त्या देवतेच्या भयाने. आपण देवताभक्ती मानत नाही, तेव्हा ते भय आपणास नाही. मग देवतेचे भय गेलेला माणूस कुऱ्हाड चालवावयास मोकळा झाला काय? असे झाले तर अज्ञानी माणसाचे भय ज्ञानी म्हणविणाऱ्याच्या ज्ञानापेक्षा जीवांना अधिक सुखाचे ठरले, असा विपरीत निष्कर्ष निघेल. अनन्यता म्हणजे परमेश्वरावाचून अन्याचे आराधन न करणे. अन्याच्या आश्रयाला असलेल्या जीवांचा घात करण्याची मुभा तिच्यातून निघत नाही. उद्भिज्ज खाणीतही जीवच आहे.

आता जतनाकडे, म्हणजे काळाविरुद्ध वस्तू टिकविण्याकडे वळू. या बाबतीत महानुभाव पंथाला दुसऱ्याकडून शिकण्यासारखे आहे त्यापेक्षा आठवण्यासारखे अधिक आहे.

स्वामींचे उत्तरापंथे गमन झाल्यावर लीळा विस्मृतीत जाऊ नयेत म्हणून म्हाइंभटांनी त्या गोळा केल्या. ज्यांनी प्रत्यक्ष पाहिले, ऐकले, त्यांच्याकडे जाऊन विचारले. जे मिळाले ते आचार्य श्रीनागदेवांपुढे ठेवून पारखून घेतले. हे लीळाचरित्र शके १२०० च्या सुमाराचे मानतात. पुढे यादवांचे राज्य ढासळत असता खिलजीच्या सैन्याच्या धाडीत मूळ ग्रंथ नाहीसा झाला, आणि हिराइसेसारख्या एकपाठी साधकांच्या स्मरणातून तो पुन्हा उभा राहिला, ही आपली परंपरा. यात जतनाविषयी एक मोठी गोष्ट आहे. पहिल्या वेळी जतन पोथीत झाले आणि पोथी गेली. दुसऱ्या वेळी ते कंठात होते म्हणून उरले. हिराइसेजवळ कोणती वस्तू होती? काहीही नव्हते. निर्योगक्षेम वृत्तीच्या साधिकेकडून पंथाचे सर्वांत मोठे जतन घडले. आरंभी घेतलेल्या शंकेचे उत्तर मला येथे दिसते. गीतेने सोडावयास सांगितले ते ‘माझे’ म्हणून राखणे. हिराइसेने राखले ते तिचे नव्हते. ती परमेश्वराची ठेव होती, आणि ठेव राखणाऱ्याला व्याज मिळत नाही, तशीच ती खर्चण्याची मोकळीकही नसते. जीवाच्या हाती प्रपंचातले काहीच कायमचे टिकावयाचे नाही, हे खरे. पण ठेवीदाराने परत मागेपर्यंत ती मोडू नये एवढे तर त्याच्या हाती आहे.

याच्या पुढची गोष्ट मला अधिक मोलाची वाटते. निरनिराळ्या साधकांच्या स्मरणातून लीळा उभ्या करताना त्यांत भेद पडले. कोणाच्या आठवणीत प्रसंग एका गावी घडला, कोणाच्या आठवणीत दुसऱ्या. आपल्या पूर्वजांनी यांतला एक ठेवून बाकीचे पुसून टाकले असते तर पोथी सुबक झाली असती. त्यांनी तसे केले नाही. वेगळी आठवण त्यांनी ‘वासना’ म्हणून नोंदविली, शोध घेऊन कळलेले ‘शोधु’ म्हणून वेगळे ठेवले, कित्येक ठिकाणी कोणाचा पाठ तो नावानिशी सांगितला. आपल्याला नक्की काय माहीत आहे आणि काय नाही, याची सीमारेषा त्यांनी पोथीतच आखून ठेवली.

१९६४ साली व्हेनिस येथे जगातील वास्तुरक्षकांनी एक सनद केली. जेथे अनुमान सुरू होते तेथे जीर्णोद्धार थांबला पाहिजे, आणि नवे घातलेले जुन्याहून वेगळे ओळखू आले पाहिजे, असा तिचा एक नियम आहे. त्या सनदेची वाखाणणी सर्वत्र होते. आपल्या लेखकांनी हाच नियम शब्दाच्या बाबतीत काही शतके आधी पाळला होता, हे अभिमानाने सांगण्यास हरकत नाही. मात्र स्थानांच्या बाबतीत आपण आज तो पाळतो काय, हे विचारल्यावर अभिमान जरा आवरावा लागतो.

स्थानांसाठीही पूर्वजांनी असाच ग्रंथ करून ठेवला. चौदाव्या शतकातील मुनिव्यास कोठी यांच्या स्थानपोथीत स्वामी कोठे बसले, कोठे निजले, कोठे आरोगणा झाली, याची नोंद आहे. देऊळ कोणत्या दिशेस तोंड करून आहे, दार कोठे, अंगण कोठे, त्याच्या कोणत्या अंगास स्थान, हे सांगितले आहे. चरणस्पर्शाची जागा लोपली तर पुढच्याने ती खुणांवरून शोधावी हा हेतू. आज कित्येक स्थानांवर भक्तांच्या श्रद्धेने संगमरवर आणि चकचकीत फरशी आली आहे. जुना ओटा खाली गाडला गेला, सोय म्हणून दार दुसऱ्या बाजूस काढले गेले, आणि आता पोथी हातात घेऊन उभे राहिले तर पोथीतली दिशा आणि डोळ्यांपुढची दिशा जुळत नाही. देणगी देणाऱ्याचा भाव शुद्ध असतो, याबद्दल मला संशय नाही. परंतु आपण वंदन करतो ते स्वामींच्या संबंधाने पावन झालेल्या जागेस, फरशीस नव्हे. जुन्या दगडावर नवे छप्पर घाला, यात्रेकरूस सावली आणि पाणी द्या. दगड मात्र दिसू द्या, आणि जे बदलले त्याची तारखेसह नोंद ठेवा. नोंद न ठेवता केलेला जीर्णोद्धार म्हणजे वासना पुसून टाकलेली पोथी.

चांगल्या हेतूने केलेले जतन घात कसे करते याचा मोठा दाखला आपल्याच मुलखात आहे. निजामाच्या राज्यात, १९२० नंतर, अजिंठ्याची चित्रे राखण्यासाठी इटलीहून जाणकार बोलाविले गेले. त्यांनी पोपडे बसविण्याचे काही काम चांगले केले, पण चित्रांवर लाखेचे रोगण चढविले. काळाने ते पिवळे पडले, धूळ धरू लागले, आणि पुढच्या अनेक पिढ्यांतील रक्षकांना तेच खरवडून काढण्यात आयुष्य वेचावे लागले. आपल्या घरोघरी हेच लहान प्रमाणावर चालते. पोथीचे पान फाटले की चिकटपट्टी लावतात. ती काही वर्षांत पिवळी होते, तिचा डिंक कागदात शिरतो आणि अक्षरासह पान खातो. जी दुरुस्ती पुढच्या जाणत्यास उलटवता येणार नाही ती करू नये, एवढे एक पथ्य पाळले तरी पुष्कळ. जुने लोक वेखंड आणि कडुनिंबाचा पाला घालीत, कापडात घट्ट बांधीत, वर्षातून एकदा बस्ते उघडून हवा देत. त्यातले हवा देणे सर्वांत आधी सुटले, हे दुर्दैव.

आता लपवून राखण्याचा प्रश्न. सकळ, सुंदरी, अंक, वज्र अशा लिपी आपल्या पूर्वजांनी योजिल्या. यांतील सकळ लिपीचे श्रेय सह्याद्रिवर्णनाचे कर्ते रवळोबास यांस देतात. एका अक्षराच्या जागी दुसरे चिन्ह घालून लिहिलेली पोथी जाणत्याखेरीज कोणास वाचता येत नसे. राज्ये उलथत होती, पंथाचा द्वेष होत होता, अनधिकाऱ्याच्या हाती शास्त्र जाऊन त्याची विटंबना होण्याचे भय खरे होते. जुन्या लेखकांच्या प्रथेत पोथीच स्वतः वाचकास विनविते की मला तेलापासून, पाण्यापासून, सैल बांधणीपासून वाचव आणि मूर्खाच्या हाती देऊ नकोस. ती विनवणी आपण अक्षरशः पाळली, आणि तीमुळे मराठीचे आद्य गद्य शुद्ध स्वरूपात उरले. हे मान्य करूनही त्याची किंमत सांगितली पाहिजे. कित्येक शतके मराठी माणसाला हे वाङ्मय आपल्या भाषेत आहे याचा पत्ता नव्हता. जे आपल्याला कळत नाही त्याविषयी लोक वाईट कल्पना करतात; ‘मानभावी’ हा शब्द मराठीत ढोंग्याच्या अर्थाने रूढ झाला, त्याला द्वेष कारण झाला तसा आपला पडदाही कारण झाला. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे यांनी सकळ लिपीची उकल प्रसिद्ध केली, पुढे य. खु. देशपांडे, ह. ना. नेने, वि. भि. कोलते आदी अभ्यासकांनी ग्रंथ उजेडात आणले, आणि त्यांना पोथ्या देणारे अनेक महंतच होते. त्या महंतांवर त्या काळी टीका झाली असेल. २०२४ साली मराठीस अभिजात भाषेचा दर्जा मिळाला आणि रिद्धपुरास मराठी भाषा विद्यापीठ उभे राहिले, तेव्हा त्यांनी दिलेल्या पोथ्यांचेच पुरावे कामी आले.

आचार्य श्रीनागदेवांनी केशोबासांस संस्कृतात ग्रंथरचना करण्यापासून परावृत्त केले, ते अशासाठी की त्यामुळे साध्या म्हाताऱ्या साधिका शास्त्रास मुकतील. ज्या आचार्यांना शास्त्र म्हातारीपर्यंत पोहोचावे असे वाटले, त्यांच्या परंपरेत ते पेटीत बंद राहावे हे त्यांना रुचले असते असे मला वाटत नाही. लिपी काळाचे संकट टाळण्यासाठी होती. संकट सरल्यावरही पेटी बंद राहिली तर ठेव हळूहळू मालकी होऊ लागते, आणि येथेच क्षेम पुन्हा बंधन होते. आपण कोणत्या बाजूस आहोत हे ओळखण्यास फार शास्त्र लागत नाही. दुसऱ्या आम्नायाचा साधक पोथी पाहावयास आला असता मनात काय येते, तेवढे पाहावे.

२००३ साली केंद्र शासनाने हस्तलिखितांसाठी राष्ट्रीय अभियान सुरू केले, आणि २०२५ च्या अर्थसंकल्पात ‘ज्ञान भारतम्’ या नावाने त्याचे नवे रूप जाहीर झाले. आश्रमांकडे विचारणा होईल, काहींकडे झालीही असेल. ज्यांना पोथी बाहेर द्यावयाची नाही त्यांनी ती देऊ नये. छायाचित्रण आश्रमातच, महंतांच्या समक्ष, पोथी न दाबता करता येते. ‘अनधिकारी वाचतील’ ही भीती सांगितली जाते. ज्या ब्रह्मविद्येचा अधिकार गुरुमुखातून मिळतो ती छायाचित्राने कोणास मिळणार नाही, आणि जी छापलेलीच आहे ती लपविण्यात अर्थ नाही.

एक सूचना मात्र छायाचित्र घेणाऱ्यांस आवर्जून द्यावी. मधला मजकूर घेऊन समास कापू नयेत. वासना, शोधु आणि पाठकांच्या दुरुस्त्या पुष्कळदा तेथेच असतात. पुष्पिकेचे पान, मागील कोरी पाने, त्यांवर कोणी मांडलेला हिशेब, आणि वरच्या बस्त्यावर सुईने घातलेले नाव असेल तर तेही घ्यावे. पंजाबात आणि पेशावरकडे गेलेल्या आपल्या साधकांनी तिकडे नेलेल्या व लिहिलेल्या पोथ्यांपैकी ज्या १९४७ नंतर इकडे परत आल्या, त्यांचा प्रवास कळण्यास असल्या कडेच्या नोंदींखेरीज दुसरे साधन नाही.